भावांची मोजदाद : नाट्यशास्त्रापासून मराठी ट्विटांपर्यंत



बेलापुरात बोलायला उभं राहिलं की आधी नावाचा घोळ मिटवावा लागतो. आपलं हे प्रवरेकाठचं बेलापूर. रेल्वेचं बेलापूर स्टेशन मात्र श्रीरामपुरात. आणि मुंबईच्या माणसाला बेलापूर म्हटलं की नवी मुंबईच आठवते. नाव एक, जागा तीन. कोणतं बेलापूर, हे बोलणारा कोण आणि कुठे उभा आहे यावरून ठरतं.

एका गावाच्या नावाची ही गत, तर ‘वा, छान झालं!’ या तीन शब्दांमागचा भाव यंत्राने कसा ओळखायचा? समाजमाध्यमांवर लोक जे लिहितात त्यातून आनंद, राग, दुःख ओळखायला आज संगणकाला शिकवतात. मशीन लर्निंग म्हणतात त्याला. हे कसं घडत गेलं आणि त्यात आपली मराठी कुठे बसते, एवढंच आज बघू.

भावांची मोजदाद काही नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, तेहेतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक, असे एकूण एकोणपन्नास भाव मोजले आहेत. पण आम्ही वर्गात ज्या मुद्द्यावर नेहमी थांबायचो तो पुढचा आहे. भरत नुसती यादी देऊन थांबत नाही. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, असं तो सांगतो. म्हणजे काय, तर कारण कोणतं, शरीरावर खूण कोणती आणि सोबत कोणते भाव येऊन जातात, हे सगळं एकत्र धरायचं. नंतरच्या विचारवंतांनी त्यात ‘सहृदय’ रसिकही आणून बसवला. एकटा शब्द भाव सांगत नाही, ही आपली जुनी समजूत.

युरोपात डार्विनने 1872 मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने न्यू गिनीतल्या लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून प्रयोग केले आणि सहा मूलभूत भावना सांगितल्या : आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. भरताच्या यादीशी ताडून पाहा. बरंच जुळतं. पण भरताच्या ‘उत्साहा’ला आणि ‘रती’ला या सहांत जागा नाही. याद्या माणसं करतात, आणि माणूस बदलला की यादी बदलते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संगणकाकडे येऊ. 2002 मध्ये बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी सिनेमाच्या परीक्षणांवर प्रयोग केला : परीक्षण अनुकूल की प्रतिकूल, हे यंत्राने सांगायचं. त्यांची एक अडचण मोठी बोलकी आहे. परीक्षक आधी नटांचं, कथेचं, छायाचित्रणाचं कौतुक करतो आणि शेवटच्या ओळीत म्हणतो, तरी सिनेमा जमला नाही. शब्द मोजणारं यंत्र तिथे फसतं.

2009 मध्ये स्टॅनफर्डच्या तीन विद्यार्थ्यांनी ट्विटरवर एक युक्ती केली. ट्विटमध्ये चिन्हांनी काढलेला हसरा चेहरा असेल तर भाव चांगला धरायचा, रडका असेल तर वाईट. अशी 16 लाख ट्विटं त्यांनी यंत्राला शिकवायला वापरली. आता हे पुष्कळदा खरंही ठरतं. पण आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत विचारायचं, तर इथे व्याप्ती आहे का? ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही व्याप्ती नैयायिक मानत नाहीत, कारण तिथे ओल्या सरपणाची उपाधी आहे. लाल तापलेल्या लोखंडाला धूर नसतो. तसंच ‘जिथे हसरा चेहरा तिथे आनंद’ यालाही उपाधी आहे : माणूस सरळ बोलत असला पाहिजे. आणि आपला नगरी माणूस सरळ कधी बोलतो? कांद्याचे भाव पडले की शेतकरी लिहितो, ‘वा! गाडीभाडंसुद्धा सुटलं नाही, दिवाळीच झाली आमची.’ वर हसण्याचं चिन्ह. यंत्र याला आनंदाच्या खात्यात टाकलं तर नवल नाही.

मराठीपुरतं बोलायचं, तर 2012 मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मराठी आणि हिंदीचे शब्दजाल एकमेकांना जोडून, एका भाषेत शिकलेलं दुसऱ्या भाषेत वापरून पाहिलं. 2021 मध्ये पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने सुमारे 16,000 मराठी ट्विटं हाताने वर्गवारी करून सर्वांसाठी खुली केली. वर्ग तीन : सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. 2023 मध्ये त्यांनी सिनेमाची परीक्षणं, मालिकांची उपशीर्षकं, राजकीय आणि सर्वसाधारण ट्विटं मिळून 60,000 नमुने केले. तरुण मुलांनी एकेक वाक्य वाचून केलेलं हे काम आहे, आणि त्याबद्दल आम्हांला आदर आहे. ते झालं नसतं तर आज इथे मराठीबद्दल बोलायला काही नसतं.

पण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला : वाक्यं कुणाची? 2021 ची ती ट्विटं महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरून घेतलेली होती. नामवंत माणूस शुभेच्छा देतो, अभिनंदन करतो, निषेध करतो. आपल्या बाजारतळावर जी मराठी ऐकू येते ती त्यात किती असणार?

दुसरा प्रश्न : भाव ठरवतो कोण? 2020 मध्ये गूगलच्या संशोधकांनी इंग्रजीतल्या 58,000 कॉमेंटींना 27 भावना आणि एक ‘तटस्थ’ अशी लेबलं लावून घेतली. ती लावणारे होते भारतातले इंग्रजी बोलणारे लोक. अन् 2025 मध्ये मराठीसाठी अकरा भावनांचा डेटासेट आला तेव्हा गंमत उलटी झाली. चाचणीची वाक्यं माणसांनी तपासली, पण शिकवणीच्या वाक्यांना लेबलं लावली जीपीटी-4 या यंत्राने, आणि तीही मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेऊन! कारण तसं केल्यावर निकाल चांगले येतात. व्यवहार म्हणून ते ठीक. पण ‘रुसवा’ इंग्रजीत नेला की त्याचा राग होतो, नाहीतर दुःख. रुसायला समोर हक्काचं माणूस लागतं, ते वाटेत गळून पडतं. ‘हुरहूर’, ‘कळवळा’, ‘अप्रूप’ यांचंही तेच. शिवाय एका वाक्याला एकच लेबल! इथून जवळच नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर शांत आणि अद्भुत हे दोन रस एकत्र आल्याचं सांगतात. अशा ठिकाणी एक लेबल कुठलं लावणार?

तुम्ही म्हणाल, चुकलं यंत्र, आमचं काय बिघडलं? बिघडतं. फेसबुकने 2012 मध्ये एक आठवडा 6,89,003 लोकांसमोर येणाऱ्या पोस्टींमध्ये चांगल्या किंवा वाईट भावनेच्या पोस्टी कमी केल्या आणि त्यांचं पुढचं लिखाण किंचित बदलतं का ते पाहिलं. 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा गदारोळ उठला, कारण या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे; पण माणसाने स्वतः होऊन सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. तेव्हा उद्या कुणी ‘जिल्ह्यात शेतकरी समाधानी आहेत’ असा आलेख काढला, तर त्या कांदेवाल्याची दिवाळी त्यात समाधान म्हणून धरली जाऊ शकते. आणि जो काहीच लिहीत नाही, त्याचा तर हिशेबच नाही.

यंत्र फेकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. हजारो पोस्टी वाचायला माणूस पुरणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की यंत्राला भाव दिसत नाही. कुणीतरी आधी लावलेलं लेबल त्याला आठवतं. मग लेबल लावणाऱ्यांत आपलीही माणसं हवीत. इथल्या वाचनालयात कॉलेजची मुलं बसतात. त्यांनी आपल्या भागातली वाक्यं, ती लिहिणाऱ्यांना विचारून, गोळा करावीत. एका वाक्याला दोन भाव वाटले तर दोन लिहावेत, उपरोध असेल तर तसं नोंदवावं, आणि कळलं नाही तर ‘कळलं नाही’ असं लिहायला लाजू नये. त्या शेवटच्या रकान्यासमोर एखाद्या गाववाल्याचं नाव आलं, तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यावं.

आता प्रश्न विचारा.