पत्र आणि ते ऐकणारी सभा



हुडकेश्वरच्या ह्या वसंत व्याख्यानमालेत आरंभीच्या ख्रिस्ती पत्रांच्या वारशावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि गिरणीच्या फाटकावर झाले. धर्मशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु हस्तपत्रक, परिपत्रक, जाहीर पत्र ही आमची रोजची हत्यारे होत, आणि त्यांचे फार जुने घराणे आम्हांस ह्या पत्रांत आढळले. तेवढ्यापुरतेच बोलतो.

नव्या करारात २७ पुस्तके आहेत. त्यांपैकी २१ पत्रे आहेत. १३ पत्रांवर पौलाचे नाव आहे, आणि त्यांतली ७ निःसंशय त्याचीच, असे बहुतेक पंडित मानतात. थेस्सलनीका शहरातील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे, म्हणजे येशूची चरित्रे लिहिली जाण्यापूर्वीचे. हा पौल तंबू शिवणारा कारागीर होता. कोणावर भार नको म्हणून आपण रात्रंदिवस हाताने काम केले, हे तो अभिमानाने सांगतो. रोमकरांस लिहिलेले मोठे पत्र त्याने तोंडी सांगितले आणि तर्तिय नावाच्या लेखकाने ते उतरून घेतले. शेवटी शेवटी तर्तियाने त्यात आपलाही नमस्कार घातला. पत्र घेऊन फिबी नावाची बाई गेली असावी, असे अभ्यासक समजतात. थेस्सलनीकेचे पत्र तर सर्वांना वाचून दाखवावे, अशी त्यात शपथच घातली आहे. तेव्हा सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, नेणारी तिसरी, आणि ऐकणारी सारी सभा, असे ह्या पत्रांचे स्वरूप होते.

हे स्वरूप मराठी माणसाला परके नाही. चांगदेवाने कोरे पत्र धाडले आणि ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांत उत्तर दिले, ती चांगदेव पासष्टी आपण पत्रच समजतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबा ह्या लेखकाचे नाव आले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. आमच्या देशातही शब्दाला लेखणी धरणारा दुसरा हात लागत आला आहे.

ही ख्रिस्ती पत्रे मराठीत आली तीही अशाच अनेक हातांनी. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी ह्याने १८११ साली मराठी नवा करार छापला. त्याला मराठी शिकविणारे पंडित वैजनाथ होते. तेथील छापखान्याचे खिळे पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर ह्या कारागिरांनी घडविले. त्याच छापखान्यातून नागपूरकर भोसल्यांची वंशावळही मराठीत छापून निघाली. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला. तेथील काम पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतः यंत्र उभे केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. परक्याचे शास्त्र छापण्यासाठी आलेल्या विद्येने आमचे पंचांग घरोघर पोहोचविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्या परंपरेत पंडिता रमाबाईंचे काम आम्हांस सर्वांत मोठे वाटते. साध्या बायकांना कळेल असे बायबल हवे, म्हणून त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या व मुळावरून भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती सदनात ज्या निराधार मुली आणि विधवा आल्या, त्यांनीच खिळे जुळविले, त्यांनीच छपाई केली. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. समाजाने ज्यांना अक्षर दिले नव्हते त्यांच्या हातून तो निघाला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात ह्या बायकांना जुळाऱ्यांचा मान मिळाला पाहिजे.

आता ह्या पत्रांची दुसरी बाजू. पौलाचे एक लहानसे पत्र फिलेमोन ह्या धनिकाला आहे. त्याचा अनेसिम हा गुलाम पौलापाशी आला होता. पौल त्याला परत पाठवितो, पण ह्याला गुलाम न समजता भाऊ समज, असे मालकास विनवितो. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी ह्या पत्रातला परत पाठविण्याचा भाग तेवढा उचलला. गेल्या शतकाच्या मागील शतकात, १८३० नंतरच्या दशकात, जॉर्जिया प्रांतात चार्ल्स कोल्कॉक जोन्स नावाचा पाद्री गुलामांपुढे ह्याच पत्रावर बोलत होता. मालकाशी इमान राखा, पळून जाऊ नका, असे तो सांगू लागताच निम्मी सभा शांतपणे उठून चालती झाली. ही हकीगत त्या पाद्र्यानेच लिहून ठेवली आहे. त्या लोकांना बहुधा वाचता येत नव्हते. पण पत्राचा अर्थ कोण आपल्या सोयीने लावतो आहे, हे त्यांना बरोबर समजले. आमच्या मते ही जगातील फार थोर सभात्यागांपैकी एक होय.

तीच गोष्ट थेस्सलनीकेच्या दुसऱ्या पत्रातील काम आणि भाकरी ह्यांविषयीच्या वचनाची. जो काम करण्यास राजी नाही त्याने खाऊही नये, असा त्याचा आशय आहे. मालकांनी हे बेकाराला ऐकविले. १९१८ साली रशियन क्रांतिकारकांनी हाच दंडक आपल्या राज्यघटनेत घातला आणि बसून खाणाऱ्या धनिकावर उलटविला. शब्द तेच, पण बोट कोणाकडे दाखवावयाचे ते बदलले. मूळ वाक्यात ‘राजी नाही’ असे आहे. ज्याला काम मिळतच नाही त्याच्याविषयी ते नाही, एवढे दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावे.

कलावंतांनीही ह्या पत्रांतून आपापले घेतले. रेम्ब्रांट ह्या डच चित्रकाराने १६२७ साली तुरुंगातला पौल रंगविला: म्हातारा खाटेवर बसला आहे, भोवती पुस्तके, आणि पुढचा शब्द सुचेना म्हणून लेखणी थांबलेली. करिंथकरांच्या पत्रातील प्रेमाचा अध्याय ब्राम्सने १८९६ साली गाण्यात बसविला. त्याच अध्यायावरून स्वीडनच्या बर्गमनने १९६१ सालच्या चित्रपटास नाव दिले. परंतु पत्राला पत्रानेच उत्तर दिले ते मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी. १९५६ साली त्यांनी पौल अमेरिकनांना पत्र लिहितो आहे असे कल्पून प्रवचन केले. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून खरेच पत्र लिहिले, आणि त्यात पौलाचा दाखला दिला. अनेसिमाच्या पत्रावरून उठून गेलेल्यांच्या वंशजांनी पौलाची लेखणी अशी आपल्या हाती घेतली.

आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ चालवीत. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि मागण्यांच्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. त्यांतील कितीजणांना तो अर्ज स्वतः वाचता आला असता? तो वाचून दाखविला गेला, चर्चिला गेला, मग तो सर्वांचा झाला. नागपुरात १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली, आणि पाळी सुटल्यावर फाटकाशी भरणारी सभाही तिच्याबरोबर गेली. आज निरोप प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रावर येतो. तो एकट्याने वाचावयाचा आणि एकट्याने पुढे ढकलावयाचा. त्यात शेजाऱ्याचे तोंड दिसत नाही, मध्येच कोणी शंका विचारीत नाही, आणि निम्मी सभा उठून गेली तरी बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणून ह्या वारशातून एकच गोष्ट उचलावी, असे आम्ही सुचवितो. संघटनेचे, सोसायटीचे, ग्रामसभेचे महत्त्वाचे पत्र आले की ते चार माणसांत मोठ्याने वाचावे. लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नाव सांगावे. आणि ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याची, पटले नाही तर उठून जाण्याची मोकळीक ठेवावी. दोन हजार वर्षांपूर्वी एका तंबू शिवणाऱ्याची पत्रे टिकली ती अशाच सभांमुळे.