बुद्धिबळाची छापील पुस्तके आजही विकत घ्यावीत का?

सुटीच्या दिवसांत दादर, परळ वा गिरगावात एखादी शालेय बुद्धिबळ स्पर्धा भरली, की सभागृहाबाहेर ताटकळणाऱ्या पालकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. शिकवणीच्या सरांनी मुलाला एखाद्या पुस्तकाचे नाव लिहून दिलेले असते. पुस्तक परदेशी असते, किंमत हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते; आणि घरातल्या मोबाइलवर तर जगज्जेत्यालाही हरवेल असा प्रोग्राम फुकट मिळत असतो. मग कागदावर पैसे का घालवायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, कारण बुद्धिबळाची सारी पुस्तके एका जातीची नसतात. काही पुस्तके दूध-भाजीसारखी नाशवंत असतात, तर काही पिढ्यान् पिढ्या टिकतात. यांतला फरक ओळखता आला, तर पैसेही वाचतात आणि मुलाचा खेळही सुधारतो.

दुसऱ्या एका खेळाचा धडा

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात हा प्रश्न अलीकडेच निकालात निघाला. एखादा गेम कसा पार करावा, कोणत्या दालनात कोणती वस्तू दडली आहे, याची सचित्र माहिती देणाऱ्या जाडजूड मार्गदर्शिका पाश्चात्त्य देशांत एके काळी अमाप खपत. १९९० मध्ये स्थापन झालेली प्रायमा गेम्स ही त्यांतील एक प्रमुख प्रकाशनसंस्था. प्रतिस्पर्धी ब्रॅडीगेम्स २०१५ मध्ये तिच्यातच विलीन झाली आणि २०१८ च्या अखेरीस प्रायमानेही छापील मार्गदर्शिकांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून गेमच्या सीडी आणणाऱ्या पिढीने तर अशा मार्गदर्शिका क्वचितच पाहिल्या. सायबर कॅफेत चीट कोडची यादी छापून घ्यायची आणि तिच्या झेरॉक्स मित्रांत वाटायच्या, हीच त्या पिढीची मार्गदर्शिका होती.

या मार्गदर्शिका का संपल्या? त्यांत रहस्याचे उत्तर असे, आणि उत्तर एकदा इंटरनेटवर आले की कागदाची गरज उरत नाही. शिवाय गेमच्या नव्या आवृत्तीत एखादा बदल झाला, की छापलेला मजकूर चुकीचा ठरे. बुद्धिबळाच्या पुस्तकांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. पुस्तकात केवळ उत्तर आहे, की उत्तरापर्यंत नेणारा विचारही आहे?

मुंबईशी जुना संबंध

पटावरील डाव पुस्तकातून शिकण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळातील स्थितींचा संग्रह संस्कृतातून इंग्रजीत भाषांतरित होऊन १८१४ मध्ये याच शहरात छापला गेला. युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुसरून तो सिद्ध केल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. हा उल्लेख महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही साधारणतः एकच घर सरके, आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा असे. तेव्हा एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत जाणाऱ्या खेळाडूंसाठी छापील पुस्तक हा पूल होता. त्यातील डावाच्या स्थितींचा हेतू शिकणाऱ्याची समज वाढवणे आणि स्मरणशक्तीला व्यायाम देणे हा होता. दोन शतकांनंतरही अशा संग्रहांचा हेतू याहून वेगळा नाही.

विसाव्या शतकात गिरगावचे नाव बुद्धिबळात गाजले ते खाडिलकर भगिनींमुळे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये सुरू केलेल्या ‘नवाकाळ’च्या या घराण्यातील वासंती यांनी १९७४ मध्ये बंगळूर येथे झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली. जयश्री १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. रोहिणी यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा पटकावले आणि १९८१ मध्ये त्या आशियाई विजेत्या ठरल्या. पुढे १९९७ मध्ये मुंबईचेच प्रवीण ठिपसे भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले.

या पिढीच्या काळात घरोघरी संगणक नव्हता. नवी माहिती मिळवण्याचा मार्ग म्हणजे पुस्तके, परदेशी मासिके आणि हाताने उतरवून घेतलेले डाव. सोव्हिएत प्रकाशनसंस्थांची इंग्रजी पुस्तके भारतात अत्यल्प किमतीत मिळत. नवशिक्यांसाठीचे सोकोल्स्की यांचे पुस्तक त्यांपैकीच एक. फोर्टच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून एखादे दुर्मीळ पुस्तक हाती लागले, की ते मित्रमंडळींत फिरत राही. १९४८ पासून वाचकांना सवलतीत पुस्तके देणारा स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाला आणि पदपथावरील विक्रेतेही पूर्वीपेक्षा कमी झाले. पुस्तक दुर्मीळ होते तेव्हा त्याच्या मूल्याची चर्चा कोणी करीत नसे. ती आज, सारे काही फुकट उपलब्ध असताना, करावी लागते.

लवकर शिळी होणारी पुस्तके

डावाच्या सुरुवातीच्या चालींना ओपनिंग म्हणतात. ओपनिंगच्या मोठ्या संदर्भग्रंथांना आता विकत घेण्याजोगे मूल्य फारसे उरलेले नाही. त्यांचा इतिहास मात्र मोठा आहे. ग्रिफिथ व व्हाइट यांचे ‘मॉडर्न चेस ओपनिंग्ज’ १९११ मध्ये निघाले. १९६६ पासून बेलग्रेडहून ‘चेस इन्फॉर्मंट’ प्रसिद्ध होऊ लागले. जगभरातील निवडक डाव त्यात शब्दांऐवजी चिन्हांच्या टीपांसह येत, त्यामुळे कोणत्याही भाषेच्या खेळाडूला ते वाचता येई. त्याच संस्थेच्या ओपनिंगच्या ज्ञानकोशाचा पहिला खंड १९७४ मध्ये निघाला, आणि त्यातील पाचशे संकेतांकांची वर्गवारी आजही सर्वत्र वापरली जाते.

परंतु १९८७ मध्ये चेसबेस हा संगणकीय संग्रह बाजारात आला आणि चित्र पालटले. आज लाखो डाव काही क्षणांत चाळता येतात आणि कालच खेळला गेलेला डाव आज संग्रहात असतो. छापील ग्रंथ प्रकाशित होईपर्यंत त्यातील एखादी शिफारस खोडली गेलेली असते. आपल्याकडच्या शालेय गाईडशी या ग्रंथांची तुलना करता येईल. अभ्यासक्रम बदलला, की गाईड रद्दीत जाते. त्यातही मूल जर केवळ चाली पाठ करीत असेल, तर प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित चाल केली की पाठांतर संपते आणि पटावर एकटेपण उरते.

याला एक अपवाद आहे. एखाद्या ओपनिंगमागची कल्पना, प्याद्यांची रचना आणि पुढील योजना शब्दांत समजावून सांगणारे पुस्तक दीर्घकाळ उपयोगी पडते. पान उघडून पाहावे. चालींचे तक्ते अधिक आणि वाक्ये कमी असतील, तर पुस्तक परत ठेवावे.

न शिळी होणारी पुस्तके

पहिला मान भाष्यासह डावांच्या संग्रहांचा. डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांचे १९५३ च्या झुरिच स्पर्धेवरील पुस्तक किंवा बॉबी फिशर यांचे १९६९ मधील साठ डावांचे पुस्तक यांतील एखादे विश्लेषण यंत्राने चुकीचे ठरवले, तरी पुस्तक निकामी होत नाही; कारण खेळाडूला त्या क्षणी काय वाटले, कोणती भीती होती, कोणता पर्याय का नाकारला, हे तिथे वाचायला मिळते. निम्झोविच यांच्या १९२५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘माय सिस्टिम’लाही हेच लागू पडते.

दुसरा मान अंत्यभागाच्या पुस्तकांचा. राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा या स्थितीचे नियम कोणत्याही नव्या शोधाने बदलणार नाहीत. मात्र येथेही सावधगिरी हवी. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा विशिष्ट रचनेत तग धरतो, असे क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ मध्ये लिहिले आणि ते शतकभर प्रमाण मानले गेले. १९८३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी संगणकाकडून सर्व शक्यता तपासून घेतल्या, तेव्हा दोन उंटांची बाजू सर्वसाधारणपणे जिंकते, फार तर ६६ चाली लागतात, असे सिद्ध झाले. रूबेन फाइन यांच्या १९४१ च्या प्रसिद्ध ग्रंथातही अनेक चुका आढळल्या आणि पाल बेन्को यांनी त्याची सुधारित आवृत्ती २००३ मध्ये तयार केली. म्हणून अंत्यभागाचे पुस्तक घेताना सुधारित आवृत्तीच घ्यावी.

तिसरा मान कूटस्थितींच्या संग्रहांचा. दोन किंवा तीन चालींत मात करण्याची स्थिती १८१४ मधील असो वा आजची, ती सोडवताना मेंदूला पडणारा ताण तोच असतो. शिवाय छापील पानावर उत्तर लगेच समोर येत नाही. मोबाइलवर चुकीची चाल दाबली, की यंत्र तत्काळ लाल खूण दाखवते आणि मूल अंदाजाने दुसरी चाल दाबते. कागदावर असा अंदाज चालत नाही.

यंत्र काय सांगत नाही

१९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवले, तेव्हा त्यासाठी प्रचंड संगणक लागला होता. २००८ मध्ये अवतरलेला स्टॉकफिश हा प्रोग्राम आज कोणालाही विनामूल्य मिळतो आणि कोणत्याही मानवापेक्षा चांगला खेळतो. त्याचा निर्णय अचूक असतो, पण तो आकड्यात असतो. पांढऱ्याची बाजू आठ दशांश प्याद्याने सरस आहे, हे तो सांगतो. का सरस आहे, हे सांगत नाही. मुलाला उत्तर मिळते, कारण मिळत नाही. आणि स्पर्धेच्या पटावर बसताना यंत्र बाहेर ठेवावे लागते.

यासंबंधी जगज्जेता दोम्माराजू गुकेशचे उदाहरण बोलके आहे. प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला २५०० च्या आसपास रेटिंग होईपर्यंत यंत्राच्या विश्लेषणापासून दूर ठेवले होते. प्रत्येक मुलाने तसेच करावे असे नाही. परंतु स्वतः विचार करण्याची सवय आधी आणि यंत्राची पडताळणी नंतर, हा क्रम त्यातून घेण्यासारखा आहे.

विकत घेताना

जुने इंग्रजी पुस्तक घेण्यापूर्वी त्यातील लेखनपद्धती पाहावी. १९८१ पासून जागतिक संघटना फिडेने अक्षर व अंक यांनी घराचे नाव लिहिण्याची पद्धतच अधिकृत मानली आहे. त्याआधीच्या इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक बाजू आपल्याकडून घरे मोजते. आज ज्याला आपण ‘ई ४’ म्हणतो, ते घर पांढऱ्यासाठी राजाचे चौथे, तर काळ्यासाठी राजाचे पाचवे असते. मोठ्या माणसाला ही पद्धत दोन दिवसांत जमते; आठ वर्षांच्या मुलाचा मात्र ती उत्साह घालवते.

पदपथावरील स्वस्त प्रत नकली छपाईची असू शकते. कादंबरीत एखादे अक्षर पुसट असले, तरी वाचक संदर्भाने सांभाळून घेतो. बुद्धिबळात एक अंक चुकला, की पुढचा सारा डाव निरर्थक होतो. दोन-चार आकृत्या आणि चाली नीट पाहून मगच पैसे द्यावेत. कापाब्लांकांचे १९२१ मधील ‘चेस फंडामेंटल्स’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य उपलब्ध आहे. खर्च करण्यापूर्वी मुलाला पुस्तकातून शिकण्याची गोडी आहे का, हे त्यावरून जोखता येईल. ओळखीच्या ग्रंथालयात किंवा शिकवणीच्या सरांकडेही आधी विचारावे.

एका वेळी एकच पुस्तक घ्यावे. खरा पट मांडावा, पुढची चाल कागदाने झाकावी, आपली चाल वहीत लिहावी आणि मगच लेखकाची चाल पाहावी. यंत्राची पाळी सर्वांत शेवटी. या रीतीने वाचलेले एक पुस्तक, कपाटात न उघडता ठेवलेल्या दहा पुस्तकांपेक्षा अधिक शिकवते.

तेव्हा सभागृहाबाहेरच्या पालकांना उत्तर असे देता येईल. ओपनिंगच्या तक्त्यांसाठी पैसे खर्चू नयेत. ते काम यंत्र अधिक चांगले करते. विचार उलगडून सांगणारे एक पुस्तक मात्र अवश्य घ्यावे, आणि पहिले काही दिवस पटाच्या पलीकडच्या बाजूला स्वतः बसावे. त्या वेळेची जागा कोणताही प्रोग्राम घेऊ शकत नाही.