रहस्य-गूढकथांची मासिके, मराठी

रहस्य, गूढ, भय व साहस या विषयांवरील रंजनप्रधान कथा मुख्यत्वे प्रसिद्ध करणारी लोकप्रिय नियतकालिके. त्यांचा इतिहास लेखक-संपादकांनी घडविला. टिकविला मात्र प्रामुख्याने वाचकांनी.

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर छापली जात असल्यामुळे अमेरिकेत अशा मासिकांना ‘पल्प’ हे नाव पडले. फ्रँक मन्सीच्या आर्गसी मासिकाने १८९६ मध्ये हा प्रघात पाडला. ह्यूगो गर्न्सबॅकच्या अमेझिंग स्टोरीज (१९२६) या विज्ञानकथांच्या मासिकात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यांवरून वाचकांचा परस्परांशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यातून चाहत्यांची मंडळे, हौशी पत्रके व पुढे संमेलने उदयास आली. विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे भरले.

मराठीत हरि नारायण आपटे यांचे करमणूक (१८९०) व का. र. मित्र यांचे मनोरंजन (१८९५) यांनी रंजनपर कथांना वाचकवर्ग मिळवून दिला. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनल्ड्‌सच्या इंग्रजी कादंबऱ्यांची रूपांतरे करून अद्‌भुत व रहस्य यांची गोडी वाढविली. ही गोडी बाबूराव अर्नाळकर (मृ. १९९६) यांनी घरोघर नेली. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात आहे. धनंजय, झुंजार व काळा पहाड हे त्यांचे नायक वाचकांच्या परिचयाचे होते.

अनंत अंतरकर (१९११–६६) यांनी हंस (१९४६), मोहिनी (१९५०) व त्यानंतर नवल ही मासिके काढली. त्यांपैकी नवलने गूढ, अद्‌भुत व साहसकथांना हक्काचे स्थान दिले. नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या पुस्तिकांनी रहस्यकथेचा वाचक टिकवून धरला.

या साहित्याकडे समीक्षकांनी बहुधा दुर्लक्ष केले. काही वेळा ते कायद्याच्या कचाट्यातही सापडले. पुण्याच्या रंभा मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा रहस्यकथा नव्हती. परंतु लोकप्रिय मासिकांच्या इतिहासात तिच्यावरील अश्लीलतेचा खटला महत्त्वाचा आहे. खालच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने मात्र लेखक व प्रकाशक यांना प्रत्येकी २५ रु. दंड केला आणि त्यांच्याजवळील अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकाला दोषमुक्त केले.

प्रती नाहीशा होण्याचे खरे कारण मात्र न्यायालयीन आदेश नव्हे, तर वापर हे होय. स्वस्त कागद लवकर पिवळा पडे व ठिसूळ होई. चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी काय किंवा मुंबईच्या चाळीत काय, एकच अंक अनेक हातांतून फिरे व शेवटी रद्दीत जाई. राष्ट्रीय व अन्य निर्दिष्ट ग्रंथालयांना प्रकाशनांच्या प्रती देणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक झाले. १९५६ मध्ये नियतकालिकांचाही त्यात समावेश झाला. तथापि अल्पायुषी मासिके व पुस्तिका यांचे संपूर्ण संच दुर्मिळच राहिले. जुन्या बाजारातून अंक शोधणारे, फाटकी मुखपृष्ठे चिकटवून ठेवणारे आणि कथांच्या याद्या करणारे वाचक हेच या साहित्याचे पहिले सूचिकार ठरले. त्यांचे संग्रह सार्वजनिक ग्रंथालयांत पोहोचल्याशिवाय विसाव्या शतकातील सामान्य मराठी माणसाच्या वाचनाचा इतिहास पूर्ण होणार नाही.