मुलींसाठी रासेयो म्हणजे काय?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मुलींचे भगिनीसंघ असतात. एकदा सदस्य झाले की नाते जन्मभराचे. आपल्याकडे ती प्रथा रुजली नाही. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात शिकणाऱ्या मुलीसाठी त्यातल्या त्यात जवळची गोष्ट म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, अर्थात रासेयो. मात्र इथे मुलगेही असतात.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर. सकाळी खराटा घेऊन ग्रामसफाई (इथल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचेच नाव आहे), दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. अनेकींची खरी परीक्षा मात्र त्याआधी घरीच होते: मुक्कामी राहायला बाबा ‘हो’ म्हणतील का? मग मैत्रिणीच घरी येऊन रदबदली करतात.