लेन्स बदलताच फोकस का चुकतो?
रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहत नसल्याने चूक रोल धुतल्यावरच कळते. लेन्सची मागील कड कॅमेऱ्यातील चाकाला रेटते व त्यावरून दृश्यातील दोन प्रतिमा जुळतात. लेन्स अनंतावर ठेवून दूरची वस्तू पाहावी. वाशिमकरांना बालाजी मंदिराचे शिखर पुरे. सर्वच लेन्सना प्रतिमा जुळत नसतील, तर कॅमेऱ्याची जुळणी बिघडलेली असते. एकाच लेन्सला जुळत नसतील, तर लेन्स अथवा अ‍ॅडाप्टरवर संशय घ्यावा. १९५४ मध्ये आलेल्या लायका एम-३ वर जुन्या, आट्यांच्या लेन्ससाठी १ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅडाप्टर लागतो. स्वस्त अ‍ॅडाप्टर इथेच दगा देतात! मग १ मीटरवरील वर्तमानपत्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर टिपावे. लहान अ‍ॅपर्चर दोष झाकते. कॅमेऱ्यातील स्क्रू मात्र कारागिरानेच फिरवावा.