नोंदवहीत नसलेली नावे

नोव्हेंबर महिना उजाडला की धर्मग्रामाच्या दफनभूमीची वाट साफ होऊ लागते. वाढलेले गवत कापले जाते, क्रुसांना चुना लागतो आणि २ तारखेला, मृत भक्तजनांच्या स्मरणदिनी, घरोघरची माणसे मेणबत्त्या व फुले घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभी राहतात. आई, वडील, आजी, अकाली गेलेले मूल, ज्याचे त्याचे कोणीतरी तिथे विसावलेले असते. परंतु ज्यांनी आम्हांला अक्षर गिरवायला शिकवले, तापात उशाशी बसून पेज पाजली, घरची आठवण येऊन रडताना पाठीवर हात ठेवला, त्या बोर्डिंगमधील गुरुजनांची आणि आमच्याआधी निघून गेलेल्या सोबत्यांची कबर कुठे आहे, हे आमच्यापैकी किती जणांना सांगता येईल?

हा प्रश्न भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांकडे पाहताना विशेषच टोचतो. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हे हेच नाव आहे. तोरणा, राजगड आणि रायरेश्वर यांच्या आश्रयाने वसलेला हा मुलूख म्हणजे गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे आणि वेळवंड खोरे. तो बहुतांशी पंत सचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे आणि संस्थानच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांचीच नावे होती. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. पण खोऱ्यांची रचना काही विलीन झाली नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये डोंगराची सोंड आडवी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वाडीचा संबंध तुटला. भात, नाचणी आणि वरईवर गुजराण करणाऱ्या दहा-वीस घरांच्या वाडीत चौथीपर्यंतची शाळा आली, तरी पुढच्या इयत्तांचे काय?

या मुलखाने दुसऱ्यांना पाणी दिले. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणात वेळवंडी नदी अडली आणि तिचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या दुष्काळी भागात गेले. पानशेतचे धरण वेल्हे तालुक्यातलेच. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले तेव्हा पुण्याने हाहाकार केला. परंतु ते बांधताना ज्यांची शेते व घरे गेली, त्यांच्या दुःखाला तेवढा मोठा आवाज नव्हता. पाणी जसे खाली गेले, तशीच या खोऱ्यांतली शिकू पाहणारी मुलेही खाली गेली. डोक्यावर पत्र्याची पेटी, पेटीत एक ताट, एक वाटी, दोन कपडे, आणि पुढे चालणारे वडील. डोंगराळ मुलखात शिक्षण याचा अर्थ बहुधा बोर्डिंग असाच होता. भोरसारख्या संस्थानी राजधानीत शाळा होती हे खरे. पण मुलाने राहायचे कुठे आणि खायचे काय, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या इमारतीत नव्हते. ते बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होते.

महाराष्ट्रातील बोर्डिंगांचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट पुनःपुन्हा दिसते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. तिथे शिकलेल्या बालविधवांपैकी गोदूबाई एक. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या आणि पुढे त्याच आश्रमाच्या आधार झाल्या. व्यवस्था पाहावी, मुलींची आजारपणे काढावीत आणि वेळ आली की आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडावे, असे त्यांचे आयुष्य गेले. १९२८ साली ‘माझी कहाणी’ हे आत्मवृत्त त्यांनी लिहिले म्हणून आज आपल्याला त्यांच्याविषयी काही ठाऊक आहे. ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय?

आपल्याच जिल्ह्यात, भोरपासून दूर पूर्वेला, केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरल्यामुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन आकाराला आले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. रमाबाई आपल्या कॅथलिक धर्मसभेच्या नव्हत्या, तरी त्यांच्या कार्यापुढे आपण नम्रच होतो. त्यांच्या कन्या मनोरमाबाई शाळेचा भार वाहता वाहता २४ जुलै १९२१ रोजी वारल्या; वर्ष पुरे होण्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. या दोघींच्या मृत्यूच्या तारखा आपण सांगू शकतो. पण रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत आणलेले बायबल मुक्तीच्या छापखान्यात छापले गेले तेव्हा ज्या मुलींच्या बोटांनी खिळे जुळवले, त्यांपैकी किती जणींची नावे सांगता येतील? आणि दुष्काळाने पोखरलेल्या ज्या मुली तिथे पोहोचूनही वाचल्या नाहीत, त्या कोणत्या गावच्या होत्या?

भोरच्या दक्षिणेला सातारा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. एका पंक्तीत बसून मुले जेवू लागली ही त्या काळी साधी बाब नव्हती. या पंक्तीला अन्न पुरवता पुरवता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले असे सांगतात. १९३० साली त्यांचा अंत झाला. वटवृक्षाची मुळे दिसत नाहीत असे आपण म्हणतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत निदान मुळाचे नाव तरी माहीत आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या पुणे धर्मप्रांतातील मराठी मिशनचा इतिहास बराचसा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात घडला. केंदळला असताना येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ सुरू केला. १९०७ साली ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैद आणि पुढे देशत्याग सोसावा लागला. डोरिंग यांना १९२१ साली जपानातील हिरोशिमाची जबाबदारी मिळाली. १९२७ साली ते पुण्यास परतले आणि १९५१ साली निवर्तले. हा सारा तपशील छापलेला आहे आणि तो असायलाच हवा.

पण धर्मगुरू नसताना खेड्यातली शाळा कोणी उघडी ठेवली? मास्तरांनी. मिशनचा मास्तर दिवसा पाढे शिकवी, संध्याकाळी प्रार्थना सांगे, निरक्षरांची पत्रे लिही, मरणाऱ्याच्या अंथरुणाशी बसे आणि फादर येईपर्यंत सारा कळप सांभाळी. हुशार मूल हेरून, त्याच्या बापाची समजूत घालून, त्याला बोर्डिंगात पोहोचवणाराही तोच. मास्तरांची बायको त्या मुलाला वाटेत भाकरी बांधून देई. आज आमच्या घरांत जे शिक्षक, परिचारिका, कारकून, धर्मगुरू व धर्मभगिनी आहेत, त्यांच्या आयुष्याचा दोर मागे ओढत नेला, तर तो बहुधा अशाच एखाद्या मास्तरांच्या हाती सापडतो.

या आठवणी काढताना सारेच गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. पहाटेची घंटा, थंड पाणी, पातळ आमटी आणि पाठीवरची छडी आम्ही विसरलेलो नाही. घरी पळून जाणाऱ्या मुलाला परत आणून सर्वांसमोर उभे केले जाई. त्या मुलाला काय वाटत असेल, हे समजायला आम्हांला स्वतः आईबाप व्हावे लागले. काहींना त्या शिस्तीने घडवले, काहींना ती कायमची बोचत राहिली. दिवंगतांचे स्मरण म्हणजे त्यांची आरती नव्हे. त्यांनी दिले ते कृतज्ञतेने घ्यावे, चुकले ते प्रभूच्या दयेवर सोपवावे आणि आपल्या मुलांच्या बाबतीत ते पुन्हा घडू देऊ नये, इतकेच.

सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधील क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी ठरवून दिला. जुन्या मठांत मृतांच्या नावांची एक वही असे. ज्या तारखेला जो निवर्तला, त्या तारखेला त्याचे नाव दरवर्षी मोठ्याने वाचले जाई. मोठ्या मठाधिपतीलाही एकच ओळ आणि साध्या बंधूलाही एकच ओळ. एक मठ दुसऱ्या मठाला आपल्या मृतांची नावे कळवी, कारण प्रार्थनेला अंतर नसते.

आमच्या धर्मग्रामांतही दफनाची नोंदवही असते. तिच्यात नाव, वय व तारीख सापडते. परंतु बोर्डिंगच्या माणसांची अडचण वेगळीच आहे. मुलाचा बाप्तिस्मा एका गावी, शिक्षण दुसऱ्या गावी, नोकरी तिसऱ्या आणि दफन चौथ्या. शिक्षकाची बदली होई, निवृत्तीनंतर तो मुलाकडे शहरात जाई आणि तिथल्या अनोळखी वहीत एक वृद्ध म्हणून त्याची नोंद होई. त्याने तीस वर्षे कोणाला काय शिकवले, हे ती वही सांगत नाही. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, रात्री कंदील घेऊन फिरणारे राखणदार, सुट्टीत घरी गेलेला आणि तापाने परत न आलेला वर्गमित्र, यांना एकत्र बांधणारी एकही वही कुठल्याच कार्यालयात नाही. ती फक्त माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात आहे. आणि आमच्यातलाही एकेक जण दरवर्षी कमी होतो आहे.

शाळांच्या महोत्सवी स्मरणिका आम्ही चाळल्या आहेत. त्यांत देणगीदारांची छायाचित्रे असतात, संस्थापकांची चरित्रे असतात. स्वयंपाकघराचे पान मात्र क्वचितच आढळते. म्हणून आमची एक विनंती आहे. या नोव्हेंबरात प्रत्येक धर्मग्रामातील माजी बोर्डर मंडळींनी एक साधी वही घ्यावी. आपल्या दिवंगत शिक्षकांची, सेवकांची व सोबत्यांची नावे, त्यांचे गाव, त्यांनी कोणत्या वर्षांत काय काम केले आणि त्यांच्याविषयीची एखादी खरी आठवण तिच्यात लिहावी. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहावी. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून ज्यांचे वाडवडील पेटी डोक्यावर घेऊन उतरले, त्यांनी तर आधी घरातल्या वृद्धांपाशी बसावे, कारण बुडालेल्या वाड्यांची नावेही आता त्यांच्यापाशीच उरली आहेत. मग त्या वहीतील नावे मिस्साबलीच्या वेळी वेदीपाशी वाचली जावीत, आणि वही धर्मग्रामाच्या कपाटात, दफनाच्या नोंदवहीशेजारी ठेवावी.

बोर्डिंगात रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी हजेरी होत असे. नाव पुकारले की आम्ही ‘हजर’ म्हणत असू. ज्यांनी ती हजेरी घेतली ते आज नाहीत, आणि ‘हजर’ म्हणणारे अनेक आवाजही थांबले आहेत. आता त्यांची नावे पुकारण्याची पाळी आमची आहे.