नेपच्यूनपलीकडची भैरवी

निपाणीच्या माझ्या दवाखान्यात रुग्ण कानडीत दुखणे सांगतो, मी मराठीत पथ्य सांगतो. दोघांचेही अडत नाही. भाषेवरून इतकी वर्षे तापलेल्या या सीमाभागात मला एका तबकडीचा इतिहास सांगायचा आहे.

गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे बाहेरचे चार महाग्रह एकाच मोहिमेत गाठता येतील अशी त्यांची मांडणी सुमारे 175 वर्षांनी एकदा होते. ती संधी साधून 1977 साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तीत 55 भाषांतले नमस्कार आणि सुमारे 90 मिनिटांचे संगीत आहे.

तबकडीचा निर्माता होता टिमथी फेरिस, रॉक संगीतावर लिहिणारा पत्रकार. जॉन लेननच्या शिफारशीवरून त्याने जिमी आयोव्हीन हा तरुण ध्वनिमुद्रक घेतला. हाच आयोव्हीन पुढे ‘इंटरस्कोप’ कंपनीचा संस्थापक झाला आणि पॉप व हिप-हॉपच्या व्यवसायातले मोठे नाव ठरला. निर्माता स्वतः गात नाही. कोणाचा आवाज पुढे न्यायचा, हे तो ठरवतो.

या निवडीत भारताचा आवाज ठरला केसरबाई केरकरांचा, भैरवीतली ‘जात कहाँ हो’. शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाची. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई लहानपणी आपल्या शेजारच्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या त्या पट्टशिष्या झाल्या. ध्वनिमुद्रणाची त्यांना फारशी आवड नव्हती. त्यामुळे ही तबकडी बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात, मेजाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ते खोके कोणी आधीच टाकून दिले असते तर?

दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र 1979 साली गुरूजवळून आणि 1989 साली नेपच्यूनजवळून गेला. आज दोन्ही याने सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पुढे गेली आहेत.

त्याच तबकडीवर मराठी नमस्कार आहे आणि कानडी शुभेच्छाही. दोन्ही एकाच खोबणीतून, एकापाठोपाठ इतर भाषांसोबत निघाल्या आहेत. निवडणाऱ्यांनी एकीसाठी दुसरी वगळली नाही.

बेळगाव-निपाणीच्या जुन्या वाड्यांत, माळ्यावर अजून लाखेच्या तबकड्या आहेत. काही मराठी, काही कानडी. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्या एकदा खाली उतरवा, पुसा आणि नातवंडांना जवळ बसवून ऐकवा. निर्मात्याचे काम आता आपल्या घरात आले आहे.